सोनोग्राफीतल्या गाठी जात नाहीत, काय करू?

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या वाचक भगिनी ३१ वर्षांच्या असून नाशिकमध्ये इंदिरानगर भागात राहतात. सातपूरच्या एका कंपनीत त्या हिशेबाचे काम करतात. घरी पती, सासूबाई आणि चार वर्षांची मुलगी आहे. पाळी लग्नाआधीपासूनच अनियमित होती आणि तेव्हाच त्यांना ‘पीसीओडी’ (पॉलिसिस्टिक ओव्हरी डिसीज, म्हणजे अंडाशयाचा हार्मोनांशी निगडित विकार) असल्याचे सांगितले गेले. मुलीच्या वेळी औषधे घेऊन दिवस राहिले. गरोदरपणात साखर वाढली होती, बाळंतपणानंतर ती पुन्हा तपासलेली नाही. आईला मधुमेह आहे. सध्या पाळी अडीच-तीन महिन्यांनी येते. यंदा तीन वेळा सोनोग्राफी केली आणि तिन्ही वेळा ‘गाठी आहेत’ असा अहवाल आला. उंची ५ फूट १ इंच, वजन ५४ किलो. मान काळवंडली आहे, हनुवटीवर राठ केस येतात. स्त्रीरोगतज्ज्ञांनी हार्मोनच्या गोळ्या लिहून दिल्या, फॅमिली डॉक्टर ग्लुकोज पिऊन साखर तपासायला सांगतात, तर मैत्रिणीने महिन्याला अडीच हजार रुपयांची ‘हार्मोन संतुलित करणारी’ पावडर सुचवली आहे. सासूबाईंच्या मते हे सारे बाहेरच्या खाण्यामुळे झाले. त्या विचारतात: ‘मला दुसरे मूल नको आहे, मग उपचार घ्यायचे कशासाठी? पाळी उशिरा आली तर बरेच नाही का? की ऑपरेशन करून गाठी एकदाच्या काढून टाकू?’

उत्तर

तुमचे पत्र चार पानांचे आहे आणि त्यातली जवळजवळ तीन पाने सोनोग्राफीच्या अहवालांनी भरलेली आहेत. उजवे अंडाशय केवढे, डावे केवढे, मार्चमध्ये काय होते, जुलैमध्ये काय झाले, हे सगळे तुम्ही हिशेबनिसाच्या काटेकोरपणाने उतरवले आहे. गरोदरपणात वाढलेल्या साखरेला मात्र तुम्ही अर्धेच वाक्य दिले आहे आणि तेही कंसात. मला विचाराल तर ते अर्धे वाक्य त्या तीन पानांपेक्षा महत्त्वाचे आहे, आणि फॅमिली डॉक्टरांचे लक्ष नेमके तिथेच गेले असावे.

आधी गाठींविषयी, कारण त्या मनातून गेल्याशिवाय पुढचे काही पटणार नाही. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी सात स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांची पाळी येत नव्हती आणि अंडाशये मोठी व बारीक पुटकुळ्यांनी भरलेली होती. तेव्हा सोनोग्राफी नव्हती, पोट उघडून पाहत, आणि जे डोळ्यांना दिसले त्यावरून आजाराला ‘पॉलिसिस्टिक ओव्हरी’, म्हणजे अनेक गाठींचे अंडाशय, असे नाव पडले. ते नाव अनेक दशके चिकटून राहिले. प्रत्यक्षात त्या गाठी नाहीत. ती न पिकलेल्या बीजांची इवलीशी घरे, म्हणजे फॉलिकल आहेत, साधारण दोन ते नऊ मिलिमीटर आकाराची. दर महिन्याला प्रत्येक स्त्रीच्या अंडाशयात अशी काही फॉलिकल वाढीला लागतात, त्यांतले एक पुढे निघते, पिकते, फुटते आणि बाकीची आपोआप जिरून जातात. तुमचे माहेर निफाडकडचे, म्हणजे द्राक्षाच्या घडाची विरळणी तुम्ही पाहिलेलीच असणार. विरळणी केली नाही तर मणी दाटीने बसतात आणि एकही धड फुगत नाही. तुमच्या अंडाशयांत नेमके हेच झाले आहे: निघाली पुष्कळ, पिकले एकही नाही.

म्हणून ती ‘विरघळली का’ हे पाहण्यासाठी दर चार महिन्यांनी सोनोग्राफी करण्याला अर्थ नाही. पुढच्या वेळीही ती दिसतील, आणि त्यावरून तुम्ही सुधारत आहात की बिघडत आहात हे कळणार नाही. ती कर्करोगाची नाहीत आणि कापून काढण्याचीही नाहीत. अंडाशयाला दुर्बिणीतून छिद्रे पाडण्याची एक शस्त्रक्रिया आहे, हे खरे, पण ती मूल हवे असलेल्या आणि औषधांनी बीज न पिकणाऱ्या निवडक स्त्रियांसाठी आहे. तुमच्यासाठी ऑपरेशनचा प्रश्न इथेच मिटला.

निदानासाठीही सोनोग्राफी दर वेळी लागतेच असे नाही. २००३ साली रॉटरडॅममध्ये ठरलेल्या निकषांनुसार तीनपैकी दोन गोष्टी असल्या की हे निदान करतात: बीज नियमित न सुटणे, पुरुषी हार्मोन वाढल्याची लक्षणे किंवा रक्तातला पुरावा, आणि सोनोग्राफीतले ते विशिष्ट चित्र. मात्र थायरॉइडचा बिघाड, प्रोलॅक्टिन या हार्मोनची वाढ यांसारखी दुसरी कारणे नाहीत याची खात्री आधी करावी लागते. पहिल्या दोन गोष्टी तुमच्याकडे आहेतच. ज्यांच्या मुली पंधरा-सोळा वर्षांच्या आहेत अशा आयांना इथेच सांगतो, कारण त्यांचीही पत्रे बरीच येतात: पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षे उलटेपर्यंत अशी फॉलिकल दिसणे हे निरोगी मुलींमध्येही इतके सर्रास असते की त्या वयात सोनोग्राफीवरून हे निदान करू नये, असे २०२३ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट सांगतात. अहवालातल्या एका ओळीवरून मुलीला आयुष्यभराचे लेबल लावून घेऊ नका.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. तुमच्या शरीरात इन्सुलिन तयार होते, भरपूर होते, पण स्नायू आणि यकृत त्याचे पुरेसे ऐकत नाहीत. साखर आटोक्यात ठेवण्यासाठी स्वादुपिंडाला मग आणखी इन्सुलिन सोडावे लागते. गंमत अशी, की अंडाशय मात्र या इन्सुलिनचे ऐकणे सोडत नाही. मेंदूतल्या पिच्युटरी ग्रंथीकडून येणारे एलएच हे हार्मोन आणि हे जादा इन्सुलिन मिळून अंडाशयाला टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी हार्मोन अधिक बनवायला लावतात. तिकडे यकृतात, टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारे एक प्रथिन असते, ते इन्सुलिन वाढले की कमी बनते, त्यामुळे रक्तात मोकळे टेस्टोस्टेरॉन आणखी वाढते. हनुवटीवरचे केस त्यातून येतात. त्यातूनच फॉलिकल अर्ध्या वाटेत थांबतात आणि बीज सुटत नाही. बीज सुटले नाही की प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार होत नाही, आणि एलएचला लगाम घालणाऱ्या हार्मोनांत प्रोजेस्टेरॉनही असल्यामुळे तो लगामही सैल होतो. असे हे चक्र फिरत राहते. सगळ्याच स्त्रियांत ते एकाच ठिकाणाहून सुरू होत नाही, पण आई मधुमेही, गरोदरपणात साखर आणि काळी मान, एवढे पाहिल्यावर तुमच्या बाबतीत इन्सुलिनवरचा संशय सर्वांत बळकट ठरतो.

मानेबद्दल तुम्ही लिहिले आहे की रोज रात्री बेसन, हळद आणि लिंबू लावून खरखरीत पंचाने घासता आणि पहाटे कातडी चुरचुरते. ते आजच बंद करा. तो मळही नाही आणि उन्हाने रापलेली कातडीही नाही. रक्तात सतत वाढलेले इन्सुलिन त्वचेच्या पेशींना वाढायला लावते, त्यामुळे मानेच्या घड्यांत, काखेत कातडी जाड, मखमली आणि काळपट होते. घासल्याने ती आणखी राठ होईल. साबणाऐवजी चालणे आणि औषध यांनी इन्सुलिन उतरू लागले की हा रंग हळूहळू, महिन्यांच्या हिशेबाने, फिका होतो. तपासायला आलेल्या मुलीने ओढणी मानेभोवती घट्ट गुंडाळलेली दिसली की मी आधी ओढणी बाजूला करायला सांगतो. कित्येकदा रक्ताच्या अहवालाआधी मानच बोलते.

‘मी जाड नाही, त्यामुळे साखरेचा प्रश्नच येत नाही,’ असे तुम्ही दोनदा लिहिले आहे. उंचीच्या मानाने तुमचे वजन ठीक आहे, यात वाद नाही. पण आपल्याकडे वजनकाट्यावर विश्वास ठेवताना जपून राहावे लागते, कारण भारतीयांमध्ये एकूण वजन बेताचे असूनही चरबी पोटाच्या आत साठण्याची प्रवृत्ती अधिक असते आणि इन्सुलिनला न जुमानणे हे त्या चरबीशी जास्त बांधलेले आहे. शिवणकामाची टेप घ्या, सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता घेर मोजा. आपल्या स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही सावध होण्याची खूण आहे. घेर त्याहून कमी निघाला तरी तपासणी टळत नाही. सडपातळ स्त्रियांनाही हा विकार होतो आणि त्यांचे निदान उशिरा होते, कारण तुमच्यासारखेच त्यांनाही आणि कधीकधी त्यांच्या डॉक्टरांनाही वाटते की हा जाड बायकांचा आजार आहे.

पाळी उशिरा आलेलीच बरी, हे म्हणणे मला समजते. सातपूरला शिफ्टच्या गर्दीत दुचाकी चालवत जाणाऱ्या बाईला महिन्याचे चार दिवस वाचले तर तिने हुश्श करणे स्वाभाविक आहे. पण गोळ्या घेऊन, डॉक्टरांच्या देखरेखीखाली पाळी लांबवणे वेगळे आणि बीज न सुटल्यामुळे ती न येणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन गर्भाशयाच्या अस्तराला वाढवत राहते आणि ते आवरणारे प्रोजेस्टेरॉन नसते. मग एके दिवशी ते जाड झालेले अस्तर धो धो वाहू लागते. अशी अनेक वर्षे गेली तर अस्तराच्या कर्करोगाची शक्यता इतरांपेक्षा वाढते. तुमच्या वयात ती शक्यता मुळात कमीच आहे, घाबरून जाऊ नका, पण ९० दिवस उलटून पाळी आली नाही तर आधी घरी गरोदरपणाची चाचणी करा आणि मग डॉक्टरांकडे जा. काही दिवस प्रोजेस्टेरॉन देऊन अस्तर मोकळे करणे हा साधा उपाय आहे.

गरोदरपणाची चाचणी हे शब्द वाचून तुम्हाला आश्चर्य वाटले असेल, कारण ‘मला सहज दिवस जात नाहीत, म्हणून आम्ही काही वापरत नाही’ असे तुम्ही लिहिले आहे. बीज क्वचित सुटते, याचा अर्थ सुटतच नाही असा होत नाही, आणि ते कधी सुटेल याचा तुमच्या कॅलेंडरला पत्ता नाही. दुसरे मूल नको असेल तर गर्भनिरोधन हवेच. पुढे मागे विचार बदलला तर बीज पिकवण्यासाठी लेट्रोझोलसारखी औषधे आहेत, पण त्याआधी साखर तपासलेली असलीच पाहिजे.

आता तीन सल्लागार. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि फॅमिली डॉक्टर एकमेकांविरुद्ध काही सांगत आहेत, असे तुम्ही धरून चालला आहात. मला तसे दिसत नाही. एकाने गर्भाशय आणि केसांची काळजी घेतली आहे, दुसऱ्याने मधुमेहाची. त्यांची एकमेकांशी गाठ पडलेली नाही, इतकेच. दोघांचेही कागद एका फायलीत लावा आणि दोघांनाही दाखवा. हार्मोनच्या संयुक्त गोळ्या एलएच खाली आणतात, ते टेस्टोस्टेरॉन बांधणारे प्रथिन वाढवतात, अस्तराचे रक्षण करतात आणि गर्भनिरोधनही साधतात, म्हणजे तुमच्या दोन अडचणींवर एकच उत्तर. त्या विकार मुळातून काढत नाहीत, बंद केल्या की पाळी पुन्हा पूर्ववत लांबते, आणि त्याला कुणी ‘गोळ्यांची सवय लागली’ म्हणते. सवय लागलेली नसते, मूळचा स्वभाव परत आलेला असतो. पण सुरू करण्याआधी रक्तदाब मोजून घ्या, आणि तुम्हाला डोळ्यांपुढे प्रकाशाच्या रेघा चमकून मग डोके दुखत असेल, किंवा तुम्हाला अथवा घरात कुणाला पायात वा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली असेल, तर ते विचारण्याची वाट न पाहता आपणहून सांगा. अशा वेळी गोळी बदलावी लागते.

साखरेच्या तपासणीत काही निघाले तर मेटफॉर्मिनचा विचार होईल. ते मधुमेहाचे औषध आहे म्हणून दचकू नका. पोट बिघडू नये म्हणून ते थोड्या मात्रेने, जेवणाबरोबर सुरू करतात, आणि वर्षानुवर्षे घेतल्यास बी-१२ तपासत राहावे लागते, विशेषतः तुमच्यासारख्या शाकाहारी घरात.

पावडरीबद्दल मी कठोर बोलणार आहे. डब्याचा जो फोटो तुम्ही पाठवला आहे, त्यावर घटकांची नावे आहेत पण प्रमाण नाही. त्यातला इनोसिटॉल हा घटक बहुतेकांना सोसतो, त्याचा थोडा उपयोग होत असावा असे काही अभ्यासांत दिसते, पण पुरावा अजून तोकडा आहे. बाकीच्या वनस्पती किती आहेत हे ज्याने लिहिलेले नाही, त्याला महिन्याला अडीच हजार रुपये देण्याचे कारण मला सापडत नाही. त्याच पैशांत वर्षभराच्या सगळ्या तपासण्या होऊन वर चालायला चांगले बूट येतील.

सासूबाईंचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. खाण्याने हा विकार होत नाही. त्याचा कल बऱ्याच अंशी घराण्यातून येतो, आणि जगभरात बाळंतपणाच्या वयातल्या साधारण ८ ते १३ टक्के स्त्रियांना तो असतो. तेव्हा आठवड्यातून एकदा खाल्लेल्या मिसळीचा अपराध मनाला लावून घेऊ नका. मिसळीतली मटकी तर हवीच आहे, तिच्यासोबतचे तीन पाव आणि नंतरची जिलबी यांचा हिशेब करावा लागेल. खरा प्रश्न मला तुमच्या सोमवार आणि चतुर्थीच्या उपवासांचा वाटतो. दिवसभर चहा आणि साबुदाण्याची खिचडी, म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, आणि तेही रिकाम्या पोटी. उपवास सोडा असे मी म्हणणार नाही, ते तुमचे आणि देवाचे आहे. पण साबुदाण्याच्या जागी थोडी भगर, सोबत दाण्याची आमटी, ताक, असे केले तरी फरक पडतो. गहू बंद, दूध बंद, रात्री फक्त फळे, असल्या याद्या फोनवर फिरत असतात. या विकारासाठी अमुकच आहार सर्वांत चांगला, असे अजून तरी सिद्ध झालेले नाही. तुम्हाला जो पाळता येईल, ज्यात डाळ-उसळ आणि भाजी पोळीभाताच्या बरोबरीने असेल, तो चांगला. तुमचे वजन जास्त नाही, तेव्हा ते उतरवण्याच्या मागे लागू नका. ज्यांचे जास्त आहे त्यांच्यासाठी मात्र पाच ते दहा टक्के घट हीच मोठी असते, तेवढ्यानेही अनेकींची पाळी सुधारते.

व्यायाम तुम्हाला आहारापेक्षा जास्त लागू पडेल. चालणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर उचलतो. आठवड्याला किमान १५० मिनिटे झपाझप चालणे आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम, एवढे धरा. त्यासाठी पहाटे गोल्फ क्लब मैदान गाठलेच पाहिजे असे नाही. रात्रीच्या जेवणानंतर मुलीला घेऊन कॉलनीत वीस मिनिटे फिरलात तरी ते हिशेबात धरा.

हनुवटीच्या केसांबद्दल थोडेच लिहितो. थ्रेडिंगने केस वाढत नाहीत, पार्लरमधल्या बाईंनी घातलेली ती भीती काढून टाका. औषधांचा परिणाम दिसायला किमान सहा महिने लागतात, लेझरही अनेक बैठका मागतो. मात्र काही महिन्यांतच केस झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला, तर वाट पाहू नका, तेव्हा वेगळे कारण शोधावे लागते. पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिले आहे की आठ-आठ दिवस कशातच मन लागत नाही आणि आरशासमोर जावेसे वाटत नाही. या विकारात उदासी आणि चिंता इतरांपेक्षा जास्त आढळतात, म्हणून हेही त्याच डॉक्टरांना, त्याच भेटीत सांगायचे.

राहिली साखरेची तपासणी. गरोदरपणात साखर वाढलेल्या प्रत्येकीने बाळंतपणानंतर सुमारे सहा आठवड्यांनी आणि पुढे दर एक ते तीन वर्षांनी ती करायची असते. तुमची चार वर्षे राहून गेली आहे. फक्त तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी करून भागवू नका, कारण अंगात लोह कमी असेल तर तो आकडा फसवा येऊ शकतो, आणि लोह कमी असणे आपल्याकडच्या बायकांत नवलाचे नाही. फक्त उपाशीपोटीची साखरही पुरेशी नाही, इन्सुलिनच्या बिघाडात ती बराच काळ चांगली दिसते. लॅबमध्ये ‘७५ ग्रॅम ग्लुकोजची दोन तासांची तपासणी’ असे शब्द वापरा. दोन तासांनंतरचा आकडा १४०च्या आत असेल तर उत्तम, १४० ते १९९ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, २०० किंवा जास्त म्हणजे मधुमेह, आणि तेव्हा डॉक्टर खात्रीसाठी तपासणी पुन्हा करतील. त्याच सुईत कोलेस्टेरॉलचा पूर्ण तक्ता करून घ्या, आणि थायरॉइड, प्रोलॅक्टिन पूर्वी झालेले नसेल तर तेही. पॅकेजमध्ये ‘फास्टिंग इन्सुलिन’ दिसले तर ते वगळा, त्याचे आकडे लॅबगणिक बदलतात आणि उपचार त्यावर ठरत नाहीत.

आदले तीन दिवस नेहमीचे जेवण जेवा, भात मुद्दाम बंद करू नका. रात्री दहानंतर पाण्याशिवाय काही नको. सकाळी लवकर जा आणि ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा आधीच टाकून ठेवा, कारण ग्लुकोज प्यायल्यावर ते दोन तास तिथेच बसून काढायचे असतात. मधल्या वेळात घरी जाऊन मुलीचा डबा करून परत आलात तर आकडा खोटा उतरेल. ते पाणी गोडमिट्ट असते, मळमळते. पाच मिनिटांत, घोट घोट घेऊन संपवा. उलटी झाली तर लपवू नका, तपासणी दुसऱ्या दिवशी करू. आणि मुलीचा डबा त्या दिवशी सासूबाईंनाच करायला सांगा.